दीड

तेकिनेने परत आली तेव्हा ओहोटी होती.
पाय अजून बुटांत, गळ्यात परिषदेचं ओळखपत्र,
निळ्या फितीला लटकलेलं,
तीन विमानं बदलताना काढायचं राहून गेलेलं.

मानेआबाचं छप्पर इतकं खाली उतरलेलं
की आत शिरताना प्रत्येकाला वाकावंच लागतं,
मंत्र्यालासुद्धा.
सगळे चटयांवर. मी खांबाशी, माझ्या बाटल्या घेऊन.
विहिरींचा खारेपणा मोजणं, एवढंच माझं काम.

"किती आणलंस?" बुरेन्ताऊनं विचारलं,
बाजारातून आलेल्या पोरीला विचारावं तसं.
"दीड."
दीड काय? हात? पोतं?
"अंश."
त्यांच्या भाषेत ते लांबलचक झालं,
एक, आणि वर एकाचा अर्धा.
माझ्या भाषेत त्याला आख्खा एक शब्द आहे,
आणि तो बहुतेक दमडीआधी येतो
नाहीतर शहाण्याआधी.

तिनं कागद काढला.
शेवटच्या रात्री पहाटे चारपर्यंत
एका क्रियापदावर बसलो होतो, म्हणाली.
'करतील' होतं. 'करावे' झालं.
मसुद्यात जागोजागी चौकोनी खुणा,
ज्यावर एकमत नाही ते त्यांच्या आत कोंडलेलं.
ह्या खुणेला आम्ही कंस म्हणतो
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कोठडीत जन्मलेली वाक्यं
एकामागून एक शिळेवर कशी आपटली असतील
ते मला दिसलं.
आठवं निसटलं का,
ते मात्र कागदावरून कळेना.

दुपारी म्हातारा मला त्याच्या खड्ड्याशी घेऊन गेला.
बाबाई म्हणजे आपलं अळूच, पण माणसाच्या उंचीचं,
एका पानाखाली दोन पोरं उभी राहतील.
खड्डा त्याच्या आज्यानं खणलेला,
कासवाच्या पाठीचं फावडं करून, गोडं पाणी लागेपर्यंत.
आता कडेची पानं पिवळी. देठ मऊ.
त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं,
मग मी माझं यंत्र बुडवलं.
उत्तर एकच आलं, त्याचं आधी.
अळवावरचं पाणी, म्हणतो आपण,
थरथरतं नि घरंगळून जातं.
हे मुळाशी आलंय.

तेकिनेने मागून आली, आता अनवाणी.
"कागद नसता तर चारकडे चाललो होतो," जराशी चिडून.
"आता तीनच्या आत आहोत. निदान हिशेबात.
मी तिथे झोपा काढत नव्हते."
बुरेन्ताऊ बराच वेळ देठ चाचपत राहिला.
"माराकेईला निघालेली होडी अर्ध्यात पोचली
तर पुष्कळ गेली म्हणायचं का?"
"परत तर नाही फिरली."
"नाही. पण अर्ध्यात
ना ही जमीन दिसते, ना ती."
"मग वल्हं टाकून द्यायचं?"
तो हसला. दात मोजकेच.
"असं म्हटलं मी?"

संध्याकाळी त्यानं एका गंजक्या फ्रीजचं दार उखडलं,
तो आडवा पाडला, माती भरली, कुजका पाला,
आणि उरलेल्यातलं एक रोप त्यात लावलं,
जमिनीपासून हातभर वर.
मग तेकिनेनेच्या गळ्याकडे बोट:
"ते लागतं का अजून तुला?"
तिनं फीत काढून दिली.
त्यानं ती काठीला बांधली,
मागच्या मोठ्या भरतीचं पाणी जिथवर आलं होतं
तिथे काठी रोवली.
ओळखपत्र, तिच्या हसऱ्या फोटोसकट,
वाऱ्यावर उलटसुलट होत राहिलं.

पुढची परिषद नोव्हेंबरात.
पुढची मोठी भरती त्याआधी.
मी वहीत तारीख घातली,
काठीपासून पाण्यापर्यंत चालत गेले.
अकरा पावलं.
मापाचं एकक मी नेहमी कंसात लिहिते.
ह्या वेळी बाहेरच ठेवलं.